साडेचारचा फळा

समजा, रोज सकाळी बँकेच्या दारात उभं राहून तुम्हाला एक काळा फळा पुसायचा आहे. कोरड्या फडक्यानं नाही, ओल्या. मग तो वाळेपर्यंत थांबायचं. खडू पाण्यात बुडवायचा, कारण ओल्या खडूनं लिहिलेलं अक्षर वाळलं की ठसठशीत उठतं. वर आजची तारीख लिहायची, आणि खाली शेजारच्या देशाच्या एका नोटेला आपले किती मोजावे लागतात तो आकडा. आता समजा, तो आकडा काल साडेचार होता. परवा साडेचार होता. गेल्या वर्षी याच दिवशी साडेचारच होता. तरी पुसायचा आणि तरी लिहायचा. लिहून तुम्ही मागं वळलात की रस्त्यावरचा पहिला माणूस तुमच्याकडे बघून हसणार. कारण त्या दरानं बँकेत कोणालाच नोटा मिळत नाहीत हे त्याला ठाऊक आहे, आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे, हेसुद्धा त्याला ठाऊक आहे.

किती दिवस कराल? माझ्या आत्यानं वर्षानुवर्षं केलं.

ती बँकेत शिपाई होती. शाळा अर्धवट सुटलेली, पण अक्षर मोत्यासारखं, म्हणून फळा तिच्या गळ्यात पडला. आमचं गाव सरहद्दीपासून फार लांब नाही. गावातले निम्मे पुरुष पलीकडे कामाला जायचे आणि पलीकडच्या नोटा घेऊन यायचे. त्या नोटांचा एक भाव आत्याच्या फळ्यावर असायचा आणि एक भाव समोरच्या न्हाव्याच्या दुकानात. न्हाव्याचा भाव कुठं लिहिलेला नसायचा. खुर्चीत बसायचं, गळ्याभोवती कापड बांधून घ्यायचं आणि हळूच विचारायचं, "आज कसं काय?" न्हावी आरशात बघून सांगायचा. तो भाव साडेचारच्या दुप्पट होता, मग तिप्पट झाला, मग लोकांनी पटीत मोजायचं सोडून दिलं.

सरकारचं म्हणणं होतं की आपला पैसा पूर्वीइतकाच भक्कम आहे. ते म्हणणं रोज सकाळी आत्या खडूनं लिहायची.

गल्लीनं तिला नाव ठेवलं, साडेचार. शाळेतली पोरं ओरडायची, "साडेचारबाई, वाजले किती?" मोठी माणसंही कमी नव्हती. न्हावी वस्तरा घासता घासता रस्त्यापलीकडून हाक द्यायचा, "काय साडेचारबाई, आज काही हाललं का?"

"तुमची जीभ सोडून काही हाललेलं नाही," आत्या फळ्याकडेच तोंड ठेवून म्हणायची.

"बघा हं, एखाद दिवशी बदलायचा आणि तुम्ही सवयीनं तोच लिहायच्या."

"आणि तुम्ही सवयीनं गिऱ्हाइकाचा कान कापायचे."

एकदा तिला त्या पुसण्या-लिहिण्याचा कंटाळा आला. माझ्यासारख्या संगणकाच्या कामात असणारीला तिचा विचार अगदी बरोबर वाटतो: जे बदलत नाही ते पक्कं करावं, जे बदलतं तेवढंच रोज लिहावं. बँकेच्या जाळ्या रंगवून पांढरा ऑइल पेंट उरला होता. सुट्टीच्या दिवशी तिनं फळ्यावर सुंदर, रेखीव साडेचार रंगवला. खाली बारीक सावलीसुद्धा काढली. तारखेची जागा खडूसाठी मोकळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी गाडीतून उतरताच ते बघितलं.

"हे काय केलंस?"

"साहेब, आकडा बदलत नाही म्हणून पक्का केला. तारीख रोज लिहीन."

"दर कधीही बदलू शकतो."

"बदलतो का, साहेब?"

"बदलू शकतो असं लोकांना वाटलं पाहिजे. रोज पुसलेलं दिसलं पाहिजे, रोज लिहिलेलं दिसलं पाहिजे. रंगवून ठेवलास की लोक म्हणणार, बँकेनंच आशा सोडली."

तिला लेखी समज मिळाली आणि एका दिवसाचा पगार कापला गेला. मग ती टर्पेंटाइनचा बोळा आणि ब्लेड घेऊन पायरीवर बसली. समोर न्हाव्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं अर्धी दाढी तशीच ठेवून बघायला बाहेर आली होती. रंग निघाला, पण लाकूड खरवडलं गेलं. पुढं कायमच, ऊन तिरकं आलं की कोऱ्या फळ्यावरही तो आकडा उमटायचा. आत्या सांगते, "नवीन लिहायची गरजच नव्हती. त्याच खाचेतून खडू फिरवायचा."

आतापर्यंत ही हसण्यासारखी गोष्ट आहे. आत्याही इथपर्यंत हसतच सांगते.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, पलीकडे काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. फोटोत उंच आहेत, आणि भुवया नाहीत. भट्टीच्या झळेनं त्या कधी नीट वाढल्याच नाहीत म्हणे. काही महिन्यांनी रजेवर यायचे, तेव्हा कमाईच्या नोटा बुटात घालून आणायचे. गल्लीतले बाकीचे पुरुष गावात शिरले की घरी जायच्या आधी दाढी करायला जायचे. आतोबांना मात्र तिथं फक्त दाढी करता यायची.

कारण बँकेचा नियम होता. कर्मचाऱ्याच्या घरात पलीकडची एक जरी नोट आली, तरी ती बँकेतच जमा करायची, बँकेच्याच दरानं. आत्यानं तशी सही करून दिली होती. तिच्याच शेजारी बसणाऱ्या एका कारकुनाच्या बायकोनं न्हाव्याकडे नोटा मोडल्या, ते कोणीतरी साहेबांच्या कानावर घातलं, आणि महिन्याच्या आत तो कारकून रस्त्यावर आला. आत्यानं ते डोळ्यांनी बघितलं होतं.

"म्हणजे तू प्रामाणिक होतीस," मी एकदा म्हणाले.

"प्रामाणिक कसली! टरकले होते. प्रामाणिक माणसाला झोप लागते."

तर आतोबांच्या बुटातल्या नोटा आत्या स्वतः काउंटरवर नेऊन द्यायची. त्यांना करपट वास यायचा. रोखपाल त्या मोजायचा, साडेचारनं गुणायचा आणि आपल्या नोटांची गड्डी जाळीखालून सरकवायचा. तेवढ्याच नोटा घेऊन शेजारीण रस्ता ओलांडायची आणि तिप्पट घेऊन परत यायची. शेजारणीच्या घराला वरचा मजला चढला. आत्याकडे भाड्याची खोली होती, ती तशीच राहिली.

यावरून नवरा-बायकोत व्हायचं. आतोबा तसे शांत, पण एकदा म्हणाले, "बाकीच्यांच्या बायका घरी बसून नवऱ्याचा पगार वाढवतात. माझी नोकरी करून घटवते."

"मग सोडते नोकरी."

"सोड. आणि मी उद्या पलीकडून परत नाही आलो तर?"

आत्यानं हिशेब मांडला. तिचा पगार बारीक होता पण दर महिन्याचा होता, आणि त्यांचा मोठा होता पण भट्टीचा होता. दोघांनी मिळून नोकरी ठेवायचं ठरवलं. कमी पडणारं भरून काढायला आतोबांनी एक वेगळं काम धरलं. भट्टीच्या आतल्या विटा निखळतात, त्या बसवाव्या लागतात. पूर्ण थंड व्हायला भट्टी फार दिवस घेते आणि तेवढे दिवस कारखाना बंद ठेवणं मालकाला परवडत नाही. म्हणून अर्धवट गरम भट्टीत शिरणाऱ्याला दुप्पट मजुरी असायची. ओल्या गोणपाटात गुंडाळून आत जायचं, हाताला येतील तेवढ्या विटा बसवायच्या, बाहेर यायचं. आतोबा त्या कामाला आपणहून नाव द्यायला लागले.

आणि इथं ती गोष्ट येते जी आत्याच्या डोक्यातून आजही जात नाही. एका सकाळी तिनं आतोबांच्या नोटा काउंटरवर भरल्या. त्यानंतर थोड्याच वेळानं एक बाई आली. तिच्या मुलाच्या डोळ्याचं ऑपरेशन पलीकडच्या दवाखान्यात व्हायचं होतं. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, सरकारी परवानगी, सगळं होतं. रोखपालानं वरसुद्धा न बघता सांगितलं, "पलीकडचं चलन शिल्लक नाही. पुढच्या आठवड्यात या."

बाई गेल्यावर आत्या काउंटरपाशी गेली. "भाऊसाहेब, आत्ताच मी दिले ना?"

"ते वर गेले."

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर. तू फळ्याचं बघ."

ती सकाळ वेगळी आणि बातमी आली ती सकाळ वेगळी, पण सांगताना आत्या दोन्ही एकाला एक लागून सांगते. बातमी आली तेव्हा फळा पुसून झाला होता. तारीख लिहून झाली होती. खडू पुन्हा पाण्यात बुडवला होता. न्हावी रस्ता ओलांडून आला. पलीकडच्या माणसांशी त्याचं रोजचं बोलणं असायचं, म्हणून कारखान्यातल्यांनी फोन त्याच्याकडे केला होता. हातात वस्तरा तसाच, तोंडात एकही चेष्टा नाही.

"ताई," तो म्हणाला. त्यानं तिला कधी ताई म्हटलं नव्हतं. तिथंच तिला कळलं. भट्टीच्या कमानीचा भाग आतोबांवर कोसळला होता.

ती तशीच घरी गेली. त्या दिवशी फळ्यावर तारीख होती आणि खाली काही नव्हतं. दुसऱ्या कोणी लिहिलं नाही, कारण कोणाच्याच ते लक्षात आलं नाही.

त्यानंतरही फळ्यावर कितीतरी वर्षं साडेचारच होता. मग एका सकाळी मुख्य कचेरीतून फोन आला आणि आत्यानं त्याच खाचांवर बावीस लिहिलं. त्यापुढे दर रोज बदलायला लागला, फळा जाऊन लाल दिव्यांचा बोर्ड आला, आत्या निवृत्त झाली आणि तिच्या भावाकडे, म्हणजे आमच्या घरी, मागच्या खोलीत राहायला आली.

माझी आई वाईट नाही. पण दोन बायकांचं एक स्वयंपाकघर म्हणजे काय ते सांगायला नको. "वन्सं, तुम्ही कशाला उठलात, मी आहे ना," असं आई म्हणाली की त्याचा अर्थ तुम्ही मध्ये येऊ नका असा असतो, आणि "वहिनी, तुम्ही दमला असाल," असं आत्या म्हणाली की त्याचा अर्थ तुमची भाजी करपतेय असा असतो. दादाचं लग्न ठरलं, तेव्हा आई भिंतीला रंग कोणता द्यायचा ते ठरवायला मागच्या खोलीत गेली. आत्या तिथंच बसली होती. आई तिला काही म्हणाली नाही, फक्त रंगाचे कागद भिंतीला लावून बघत राहिली.

त्याच सुमारास पलीकडच्या कोर्टाचा निकाल आला. काच कारखान्यात मेलेल्यांच्या बायकांनी कधीकाळी खटला केला होता, तो इतकी वर्षं रखडला होता. आत्या जिंकली. भरपाईची रक्कम ऐकून बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. आजच्या दरानं त्यात दोन खोल्या विकत आल्या असत्या. इस्त्रीवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आत्यानं बघूनही ठेवल्या.

"मोठ्या नाहीत," ती मला म्हणाली, "पण आतून कडी माझी असेल."

रक्कम पलीकडच्या सरकारनं त्यांच्या चलनात आपल्या सरकारकडे दिली. आपलं सरकार ती आपल्या चलनात आत्याला देणार होतं. मी तिच्याबरोबर त्या कचेरीत गेले. तिथला अधिकारी तरुण होता, नीटनेटका, बोलायला गोड. त्यानं कागद वाचून दाखवला. रक्कम ज्या दिवशी देय झाली त्या दिवसाच्या अधिकृत दरानं मिळेल. देय झाली मृत्यूच्या दिवशी. त्या दिवशीचा अधिकृत दर साडेचार.

आत्यानं कागद स्वतःकडे ओढून तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "त्या दिवशी दर नव्हता."

"म्हणजे?"

"फळ्यावर नव्हता. मीच लिहायची. त्या दिवशी मी तारीख लिहिली आणि गेले. दर लिहिलाच नाही. विचारा कोणालाही."

अधिकारी हसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो म्हणाला, "काकू, दर फळ्यावर नसतो हो. दर तक्त्यात असतो. फळा आपला लोकांना दिसायला."

"मग मी इतकी वर्षं काय करत होते?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

घरी येताना बसमध्ये ती एकच बोलली, "तुझं काम तेच आहे ना, जुने आकडे गोळा करायचं? तुमच्यात बघ. त्या दिवशी रिकामं असेल."

माझं काम खरंच ते आहे. आमची कंपनी देशोदेशींचे जुने विनिमय दर एका जागी जमवते, साफ करते, विकते. रविवारी मी तिच्या खोलीत लॅपटॉप उघडला. आपलं चलन, त्यांचं चलन, तारखा. पडद्यावर आलेख आला. डावीकडून एक रेघ निघाली आणि सरळ, अगदी सपाट, लांबवर गेली. मग एका जागी भिंतीसारखी चढली आणि पुढं वाकडीतिकडी.

आत्यानं चष्मा लावला. बोट पडद्याला न लावता त्या सपाट भागावरून फिरवलं.

"ही मी," ती म्हणाली.

त्या रेघेच्या वर दुसरी, तुटक रेघ होती. कोण्या अभ्यासकांनी जुन्या मुलाखतींवरून जमवलेला बाजाराचा दर.

"ही कोणाची?"

"बाहेरचा भाव. अंदाजे."

"न्हाव्याचा," ती म्हणाली. दोन रेघांच्या मधली पांढरी जागा तिनं दोन बोटांत मापली. "एवढं भरून काढायला ते आत शिरायचे."

मग तिनं मला तारीख सांगितली. मला ती शोधायची भीती वाटत होती. मनातून मलाही वाटत होतं की तो रकाना रिकामा असावा. निदान एका दिवसापुरतं तिचं खरं व्हावं. मी त्या ओळीवर गेले. चार पूर्णांक पाच शून्य.

"रिकामा नाही," मी म्हणाले.

"कसा असेल? मी तर लिहिला नव्हता."

मी तिला सांगितलं की जमवताना मधला एखादा दिवस सापडला नाही, तर आम्ही आदल्या दिवसाचा आकडा पुढं ओढतो. रेघ तुटू नये म्हणून. सगळीकडे तसंच करतात. कदाचित हा आकडा मूळ तक्त्यातलाच असेल, कदाचित असा ओढलेला असेल. आता ते सांगता येत नाही.

"म्हणजे तुम्हीपण लिहिता," ती म्हणाली. "न बघता."

मी लॅपटॉप मिटला.

चेक आला आहे. त्या रकमेत इस्त्रीवाल्यावरच्या खोल्यांचं दार आणि कडी येईल, खोल्या येणार नाहीत. आत्यानं तो अजून भरलेला नाही. दादाच्या लग्नाआधी मागची खोली रंगवायची आहे, म्हणून तिची पेटी आणि पलंग माझ्या खोलीत आले आहेत. आईनं स्वतः येऊन पलंगावर स्वच्छ चादर घातली. त्या दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलतात की मला घरी बसवत नाही.

मी काम करत असले की आत्या पलंगावरून बघत असते. भरपाईचं ती आता बोलत नाही. बोलते ते त्या करपट वासाच्या नोटांबद्दल. परवा म्हणाली, "तुमच्या त्या तक्त्यात दर आहे. त्या दरानं कोणाला किती मिळाले, तो रकाना आहे का?"

"नाही, आत्या. तसा रकाना कोणीच ठेवत नाही."

"पण घेणारा असेलच ना? हे बघ. रजेवरून आले की त्यांच्या नोटा मी जाळीतून आत द्यायची. साडेचारनं बँकेनं घेतल्या. त्या डोळ्यांच्या पोराच्या आईला दिल्या नाहीत. व्यापाऱ्यांना दिल्या नाहीत, ते तर न्हाव्याकडे रांग लावायचे. गावात कोणालाच दिल्या नाहीत, नाहीतर मला साडेचार म्हणून हसले नसते. मग त्या वर गेल्या. बरं, गेल्या. पण वर बसून त्या साडेचारनं कोणी घेतल्या, एवढं मला कोण सांगेल?"